लाभ धरून चोवीस शेर

कोल्हापुरात नावापुढं डॉक्टर लागलेल्या माणसाला दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला, "म्हंजे सुई टोचणारं डॉक्टर न्हवं व्हय?" आणि दुसरा, "पर्मनंट हाय नव्हं?" पहिल्या प्रश्नाचा मला कधी राग आला नाही. सुई टोचता येत नाही हे मी हसत कबूल करायचे. दुसऱ्या प्रश्नानं मात्र नऊ वर्षं माझं डोकं फिरवलं. रिक्षावाल्यानं विचारलं, भाजीवालीनं विचारलं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं जिलेबी वाढून घेता घेता विचारलं. मी पर्मनंट नव्हते. मी तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास शिकवायचे तेवढ्यापुरती प्राध्यापक आणि घंटा झाली की कुणी नाही.

माझी पीएच.डी. गवताची. शाहूवाडीकडच्या कातळसड्यांवर पावसाळ्यात जे गवत उगवतं, त्याच्या काही जातींची गुणसूत्रं मी पाच वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. मुळाचं टोक कापायचं, रंगवायचं, काचेवर दाबायचं आणि मोजायचं. एका पेशीत वीस आली आणि शेजारचीत एकोणीस, की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे एकदा समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तू बी मोजतीसच की."

हे त्यांच्या तोंडचं मोठं कौतुक होतं. आबा शाहूवाडीत भात पिकवतात, आणि आमच्या वाडीत खळ्यावर भात मोजायचा म्हटलं की त्यांनाच बोलावणं यायचं. भावाभावांची वाटणी असो नाहीतर वाटेकऱ्याचा हिस्सा, शेर आबांच्या हातात असला की कुणी आवाज चढवायचं नाही. माझ्या गवताचा कुणाला काय उपयोग, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बरोबर मोजलंय एवढं त्यांना पुरेसं होतं. बाकीच्या जगाला ते पुरत नव्हतं.

माझ्यासारख्यांपुढं वाटाच नव्हत्या असं नाही. कायमची प्राध्यापकी होती, पण तिची भरती कधी निघेल हे देवालाही सांगता आलं नसतं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचं काम होतं, तेही गळीत हंगामापुरतं. औषध कंपनीची बॅग घेऊन दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसता आलं असतं. परदेशी जाऊन पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली विद्यार्थी होता आलं असतं, पण लग्न झालेलं, नवरा हुपरीच्या पैंजण करणाऱ्या घरातला, त्याचं काम हुपरीत आणि आमचं बिऱ्हाड फुलेवाडीत. चांदीची भट्टी काही उचलून परदेशी नेता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मला कोल्हापूर सोडायचं नव्हतं. हे कारण कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडं आळशी माणसाकडं बघावं तसं बघायचे.

टाळेबंदीत कॉलेज बंद पडलं आणि तासिकाही बंद पडल्या. त्या रिकाम्या महिन्यांत मी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचा जुना लॅपटॉप घेऊन बसले आणि इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या धड्यांतून प्रोग्रॅमिंग शिकायला लागले. तोवर कॉम्प्युटर म्हणजे इंजिनिअरांचं राज्य, आपण फार तर टायपिंग करायचं, अशी माझी समजूत. पहिला प्रोग्रॅम धड चालायला आठवडा गेला. त्यानं काय केलं, तर एका जनुकातली अक्षरं मोजली. मी खुर्चीत मागं रेलून हसले. पाच वर्षं डोळे बारीक करून जे केलं तेच इथंही होतं, फक्त काच आणि रंग नव्हते.

या कामाला संगणकीय जीवशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, काम समजायला तितकं जड नाही. आपल्या पेशीपेशीत चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो. आता तो वाचणारी यंत्रं आहेत. यंत्र वाचून देतं, पण त्या कोट्यवधी अक्षरांत कुठलं अक्षर बदललंय आणि त्या बदलानं माणूस आजारी पडेल का, हे यंत्राला कळत नाही. ते शोधायला प्रोग्रॅम लिहिता येणारं आणि पेशी कळणारं माणूस लागतं. मला वाटायचं, प्रोग्रॅमिंग येणाऱ्या पोरांपुढं माझा काय टिकाव लागणार. पुढं कॉलेज सुरू झालं आणि तासिका सांभाळत मी मुलाखती द्यायला लागले, तेव्हा प्रत्यक्षात उलटंच दिसलं. पोरांना प्रोग्रॅम फडाफड येत, पण उत्तर चुकीचं आलं तर ते चुकीचं आहे हे त्यांना कळायचं नाही. मला प्रोग्रॅम रडतखडत यायचा, पण उत्तर खोटं असलं की लगेच खटकायचं.

अशीच खटकत खटकत मी बंगळूरच्या एका कंपनीत लागले. घरी बसून काम, सहा महिने परीक्षेचे, मग कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार. कंपनीचा फॉर्म भरताना 'या क्षेत्रातील अनुभव' असा एक रकाना होता. मी तिथं शून्य लिहिलं. गवत आणि तासिका मिळून चौदा वर्षं गेली होती, पण ती लिहायची मला लाज वाटली.

सहा महिने संपायला एक आठवडा उरला होता तेव्हाची ही गोष्ट. माझ्या वरच्या मॅडम एका हॉस्पिटलातल्या डॉक्टरांबरोबर काम करत होत्या. त्या डॉक्टरांनी जनुकांमधल्या काही ठरावीक जागांची यादी पाठवली होती, आणि कुठल्या रुग्णाच्या नमुन्यात त्या जागांवर अक्षर बदललंय ते आम्ही सांगायचं होतं. मॅडमनी ते काम पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्यावर सोडलं. शुक्रवारी दुपारी मी अहवाल पाठवला. सोमवारी अकराला डॉक्टरांबरोबर बैठक होती, आणि त्यानंतर मॅडम माझा निकाल सांगणार होत्या. त्यातच कॉलेजातून फोन आला होता, नव्या सत्रात तासिका घेणार का ते मंगळवारपर्यंत कळवा. म्हणजे मंगळवारी मी एक तर शास्त्राचं काम करणारं कायमचं माणूस असणार होते, नाहीतर पुन्हा घंटेवर चालणारी प्राध्यापक.

शनिवारी सकाळी मला स्वस्थ बसवेना म्हणून मी आपलाच अहवाल पुन्हा उघडला. नमुन्यांत एक नमुना मुद्दाम घातलेला असतो, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. त्यात अमुक जागी अमुक अक्षर बदललेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ते आपल्या यादीत दिसलं की बाकीच्यावर विश्वास ठेवायचा. एवढा एक नमुना मी शुक्रवारी घाईत पाहिला नव्हता. शनिवारी पाहिला. बदल दिसत नव्हता.

मग माणूस जे करतो तेच मी केलं, दुसऱ्यावर ढकललं. नमुने यंत्रात घालणाऱ्या लॅबनं नमुना चुकीचा भरला असेल. यंत्रानं नीट वाचलं नसेल. दिवसभर मी प्रोग्रॅमच्या ओळी वरून खाली आणि खालून वर वाचल्या आणि मला काही सापडलं नाही. सापडलं नाही याचा मला थोडा आनंदही झाला, कारण मग दोष लॅबचाच ठरत होता. मॅडमना मात्र मी काही कळवलं नाही.

रविवारी सकाळी आबा आले. नवा तांदूळ निघाला की ते दर वर्षी स्वतः घेऊन येतात. सत्तरी उलटली, तरी पोतं कुणाबरोबर पाठवत नाहीत. मलकापूरहून एसटीनं स्टँडवर आणि तिथून रिक्षानं घरी. रिक्षावाल्यानं "पावणं, पोतं मागं सरकवा की जरा" म्हटलेलं त्यांना आवडलं नव्हतं, त्याच्याबद्दल उंबऱ्यातच दोन वाक्यं झाली. चहा घेतला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि पिशवीतून लोखंडी शेर बाहेर काढला.

इथं आबांची रीत सांगायला हवी. ते घरून तांदूळ मोजून आणतात आणि इथं आल्यावर पुन्हा मोजून डब्यात भरतात. वाटेत सांडला का ते बघायला. आणि मोजायला दोन माणसं लागतात. एक शेर भरणार, दुसरा आकडा धरणार. मापणाऱ्यानं आकडा धरायचा नाही, कारण त्याचं लक्ष शेरावर हवं, आणि आकडा धरणाऱ्यानं तांदळाला हात लावायचा नाही. पहिला शेर पडताना आबा स्वतः मोठ्यानं "लाभ" म्हणतात. खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. तिथून पुढं दुसऱ्यानं दोन, तीन, चार असं म्हणत जायचं. माझ्या लहानपणी हे दुसरं माणूस आई असायची. आता आई नाही, तर मीच.

आबांनी जमिनीवर चादर अंथरली, पोतं मोकळं केलं, शेर भरून वरून हात फिरवला आणि डब्यात ओतला. "लाभ."

मी समोर पाटावर बसले होते, पण माझं ध्यान आतल्या खोलीत लॅपटॉपपाशी होतं. दुसरा शेर पडला. मी म्हटलं, "एक." आबांचं लक्ष मापाकडं, त्यांना कमी ऐकूही येतं. तिसरा शेर, "दोन." असं करत करत पोतं रिकामं झालं.

"किती?" आबांनी विचारलं.

"तेवीस."

"चोवीस हाय."

"तेवीस झालं, आबा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पोत्याकडं पाहिलं. पोतं उलटं करून झटकलं. शिवण बोटानं चाचपली. "त्या कंडाक्टरनं पाय दिलता पोत्याव. मी बोललो बी त्येला. तिथंच सांडलं असनार." मग रिक्षावाल्याचा नंबर लागला. "त्यो बी काय धड मानूस नव्हता." काल मी आत बसून लॅबला शिव्या घालत होते आणि आज बाहेर आबा कंडक्टरला. तेव्हा मला यातलं काही सुचलं नाही, मला फक्त उठून आत जायचं होतं.

"वत त्यो डबा," आबा म्हणाले. "परत मोजू."

"आबा, एका शेरानं काय होतंय? सांडला तर सांडला."

"सांडला आसंल तर जाऊ दे की. पर सांडला का न्हाई ते कळाय नगो? वत म्हंतो न्हवं मी."

मी चिडले. मला खूप काम आहे, माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि तुम्ही एका शेराला धरून बसलाय, असं मी ओरडूनच बोलले. आबांनी शांतपणे डबा माझ्या हातून घेतला आणि स्वतः चादरीवर ओतला. "आता तू माप. आकडा मी धरतो."

रागारागानं मी शेर भरला, हात फिरवला, डब्यात ओतला.

"लाभ," आबा म्हणाले.

दुसरा ओतला.

"दोन."

तिसरा शेर माझ्या हातातच राहिला. मी मघाशी दुसऱ्या शेराला एक म्हटलं होतं. लाभ म्हणजेच एक, हे मला जन्मापासून माहीत. पण गेली चार वर्षं मी ज्या प्रोग्रॅमांत जगत होते त्यांत पहिल्याला शून्य म्हणतात आणि दुसऱ्याला एक. तोंडातून आपोआप तसंच आलं होतं. तांदूळ चोवीस शेरच होता. कंडक्टर निर्दोष होता, रिक्षावालाही.

"वत की," आबा म्हणाले, "थांबलीस का?"

"आबा, एक मिनिट," म्हणून मी शेर खाली ठेवला आणि आत पळाले.

आमच्या कामात जनुकांमधल्या जागा लिहायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत मजकुराच्या पहिल्या अक्षराचा क्रमांक एक, दुसरीत शून्य. या धंद्यातल्या प्रत्येकाला हे पहिल्या महिन्यात सांगितलं जातं, आणि मी तर कॉलेजच्या मुलांना एका कार्यशाळेत फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सांगितलं होतं, की इथंच पाय घसरतो, सांभाळा. डॉक्टरांनी पाठवलेली यादी एकपासून मोजलेली होती. माझा प्रोग्रॅम तिला शून्यापासूनची समजून चालला होता. म्हणजे दर वेळी मी विचारलेल्या अक्षराच्या शेजारचं अक्षर बघत होते, आणि शेजारचं अक्षर अर्थातच ठीकठाक असायचं. मी एका ओळीत एक वजा केला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. उत्तर माहीत असलेल्या नमुन्यात तो बदल आला, अगदी जिथं असायला हवा तिथं.

जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मी टेबलावर डोकं ठेवून बसले. दोन मिनिटं टिकलं असेल ते समाधान. कारण मग ध्यानात आलं की शुक्रवारचा अहवाल आख्खा चुकीचा आहे आणि तो मॅडमकडं गेलाय.

अहवाल ज्या फोल्डरात ठेवला होता तो मलाही उघडता येत होता. जुनी फाइल काढून त्याच नावाची नवी टाकायची, एवढंच. रविवार होता, मॅडमनी अजून उघडली नसेल. उघडली असली तरी कोण आकडान् आकडा लक्षात ठेवतंय. कुणाला कळलं नसतं, डॉक्टरांना बरोबर अहवाल मिळाला असता आणि माझी नोकरी राहिली असती. यात वाईट काय, असं मी स्वतःला तीन-चार प्रकारे विचारून पाहिलं. माझं बोट माऊसवर होतं, हे मी आज लपवत नाही.

बाहेर आबांनी एकट्यानंच मोजणी पुरी केली होती. आपल्या रीतीविरुद्ध स्वतःच मापलं आणि स्वतःच आकडा धरला, म्हणून त्यांचा चेहरा थोडा नाराज होता. "चोवीस," ते म्हणाले. "तू लाभ धरला न्हाईस."

"व्हय," मी म्हटलं आणि त्यांच्याजवळ बसले. "आबा, खळ्यावर कधी तुमचं माप चुकलं का हो?"

"चुकलंय की येकदा."

"मग?"

"मग काय. भात घरात गेल्याव माज्या ध्यानात आलं. गेलो भात ज्येचं त्येच्या दारात. म्हनलो, माजं माप चुकलंय, भात आन परत खळ्याव."

"तो काय म्हणाला?"

"आदी शिव्या दिल्या. लई दिल्या. मग च्या पाजला."

"आणि पुढच्या वर्षी?"

"फुडल्या वर्सी बी मलाच बोलावलं की. दुसऱ्या कुनाला बोलावनार?" हे सांगताना त्यांना त्यात काही विशेष वाटत होतं असं दिसलं नाही. ते चादरीवर सांडलेले दाणे बोटानं वेचत होते.

मी आत गेले आणि मॅडमना फोन लावला. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं आणि घाबरले की माझं इंग्रजी आधी पळून जातं. तरी सांगितलं. शुक्रवारचा अहवाल चुकलाय, चूक माझी आहे, लॅबची नाही, सगळ्या जागा एकानं सरकल्यात. त्यांनी तीन प्रश्न विचारले: कुठली फाइल, किती नमुने, आणि याआधीच्या कामांत हीच चूक आहे का. नाही, म्हटलं, ही यादी नवी होती. "उद्या नऊपर्यंत बरोबर केलेला अहवाल पाठवा," त्या म्हणाल्या. "बैठकीत तुम्हीच सांगा काय झालं ते. तुमच्याबद्दल आपण नंतर बोलू." त्या 'नंतर'चा अर्थ लावण्यात माझी दुपार गेली.

नवरा हुपरीहून आला तेव्हा मी चौथ्यांदा तपासत होते. त्याला सगळं सांगितलं. त्यानं लॅपटॉपकडं लांबूनच बघितलं. "आमच्यात दागिना बिघडला तर आटवायचा आणि पुन्हा घडवायचा," तो म्हणाला. "चांदी कुठं जात न्हाई. तुमचं बी तसंच असणार की." तसंच नव्हतं, पण ते ऐकून मला बरं वाटलं, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. नव्या तांदळाचा भात होता.

सोमवारी सकाळी आबांना स्टँडवर सोडलं आणि अकराला बैठकीला बसले. मी सांगितलं. डॉक्टरांपैकी एक जण चांगलाच तापला. इतकी साधी चूक कशी होते, असं त्यानं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी "झाली" म्हटलं. मग त्यानं नवा अहवाल वाचायला घेतला, आणि वाचता वाचता त्याचे प्रश्न बदलले. हा बदल या रुग्णात खरंच आहे का, त्याच्या भावाचा नमुना मागवावा का. शुक्रवारच्या अहवालात त्या रुग्णाचं नावही आलं नव्हतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून उत्तरं देत होते.

बैठक संपली आणि पडद्यावर मॅडम एकट्या राहिल्या. "एक सांगा," त्या म्हणाल्या, "सापडली कशी? मला वाटतं मलाही इतक्या लवकर सापडली नसती."

आता यांना तांदूळ कसा समजावणार, असं वाटलं. तरी सांगितलं. वडील आले, शेरानं तांदूळ मोजला, आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तो मी मोजला नाही. मॅडम ऐकता ऐकता पुढं झुकल्या. त्यांचं माहेर धारवाडकडचं, हे मला माहीत होतं, पण आमचं कामापलीकडं कधी बोलणं नव्हतं. "लाभ," त्या म्हणाल्या, आणि बोटं दुमडत कानडीत मोजू लागल्या, "लाभ, एरडू, मूरु. माझे अज्जा असंच मोजायचे." मग त्या हसल्या. सहा महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"तुमचे सगळे अहवाल मी आजवर स्वतः पुन्हा तपासत होते," त्या पुढं म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नव्हतं. हा पहिलाच मी तपासला नाही. काल फोन आला नसता आणि आज मला चूक दिसली असती, तर आपलं हे बोलणं वेगळं झालं असतं." माऊसवरचं बोट मला आठवत होतं. "तुम्हाला कायम करतोय. संध्याकाळी फॉर्म येईल, तो भरून पाठवा. आणि प्रोग्रॅममध्ये ती तपासणी घाला, पुन्हा कुणाचा पाय घसरायला नको."

लॅपटॉप बंद करून मी गॅलरीत गेले. खाली शेजारीण कपडे झटकत होती, कुणीतरी गाडीचा हॉर्न उगाच वाजवत होतं. मला एकदम रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. नऊ वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. कॉलेजात फोन करून सांगितलं, तासिका दुसऱ्या कुणाला तरी द्या. पलीकडच्या माणसानं सवयीनं विचारलं, "का हो मॅडम, पर्मनंट झाला काय कुठं?" त्या प्रश्नाचा मला पहिल्यांदाच राग आला नाही.

मग आबांना फोन लावला. ते घरी पोचून कुणाशी तरी बोलत बसले होते. कोल्हापुरात आम्ही बायकाही आलो, गेलोच म्हणतो, तसंच तोंडातून आलं, "आबा, कायम झालो." मग फोन तोंडापासून बाजूला न घेताच त्यांनी शेजारच्या माणसाला ओरडून सांगितलं, "पोरगी कायम झाली. पंधरा वर्सं हाय ह्या कामात."

"आबा, पंधरा कुठली? सहा महिनं झालं की."

"आन त्येच्या आदीची? ती गवताची, ती कालेजातली?" आबा म्हणाले. "ती धरली न्हाईस व्हय?"

संध्याकाळी फॉर्म आला. तोच रकाना, 'या क्षेत्रातील अनुभव'. माझ्या बोटानं सवयीनं तिथं शून्य टाकलं. ते खोडलं, आणि पहिल्या वर्षापासून मोजायला घेतलं.